शेवटचे दहा फूट : सामाईक संडास, पाणी आणि पाळी
कोल्हापुरातल्या बायकांनी वारंवार विचारलेले प्रश्न

मी मंगळवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात वाढले. अकरा बिऱ्हाडं, मागच्या बोळात दोन संडास आणि पाणी अंगणातल्या हौदात. आई पहाटे चारला उठून जायची. एका हातात डबा, पदराखाली घडी घातलेलं कापड. ती एवढ्या लवकर का उठते, हे मला माझी पाळी सुरू झाल्यावर कळलं.

आता बचत गटांच्या बैठकांना मी वस्त्यांमध्ये जाते. हिशेबाचं रजिस्टर मिटलं आणि आसपासची पुरुषमाणसं उठून गेली की हाच विषय निघतो. विचारताना आवाज खाली जातो, पण प्रश्न मात्र अगदी नेमके असतात. तेच इथं लिहून काढले आहेत.

पाळीच्या दिवसांत पाणी जास्त लागतं म्हणजे नेमकं किती?

एका बैठकीत आम्ही बादली आणि लिटरचं माप घेऊन बसलो आणि मोजलं. नेहमीच्या भांड्यात एकदा नीट पाणी ओतायचं तर पाच-सहा लिटर जातं. अंग धुवायला दीड-दोन लिटर. साबणाने हात धुवायला अर्धा-एक लिटर. खाली फरशीवर डाग पडला असेल तर आणखी दोन, कारण पुढच्या बाईने तो बघू नये असं प्रत्येकीला वाटतं. म्हणजे एका खेपेला दहा लिटर, साधारण अर्धी बादली. दिवसात तीन-चार खेपा धरल्या तर तीस ते चाळीस लिटर. कापड वापरणाऱ्या बाईला ते धुवायला वेगळी बादली लागते, ती निराळीच.

आता सरकारी माप बघा. जिथं घरात नळ आणि ड्रेनेज आहे तिथं माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. जिथं लोक सार्वजनिक नळावर अवलंबून आहेत तिथं ४० लिटर. त्या ४० लिटरमध्ये पिणं, स्वयंपाक, आंघोळ, भांडी, कपडे सगळं आलं. म्हणजे पाळीच्या चार-पाच दिवसांत एका बाईच्या वाट्याचं सगळं पाणी नुसतं संडासातच संपतं. मग ती कुठं काटकसर करते? हात धुण्यात आणि अंग धुण्यात. मोजणी झाल्यावर एक काकू म्हणाल्या, "मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय, मलाच पाणी पुरत नाही." त्या गेली तीस वर्षं असं समजत होत्या.

कोल्हापूरला पाण्याची काय कमी आहे? मग आमच्या संडासात का नाही?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग बरोबर आहे. गावाला पंचगंगा लागून आहे. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण सुरू केलं ते याच जिल्ह्यात. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईनने शहरात आलं, पन्नास किलोमीटरहून जास्त अंतर कापून. पण वस्तीतल्या संडासाच्या बाहेरच्या टाकीपासून आतल्या भांड्यापर्यंतचे दहा फूट ते पाणी बाईच्या हातातून जातं. बायकांची सगळी अडचण त्या दहा फुटांत आहे.

आतला नळ नसण्याची कारणं ठरलेली असतात. तोटी चोरीला गेली आणि परत बसवली नाही. पोरं नळ सुरू ठेवतात, नासाडी होते, म्हणून आतली लाईन बंद केली. मोटर जळली. वरची टाकी फुटली. लाईटबिल थकलं. एका वस्तीत मी बघितलं, आत सहा नळ होते आणि सहाही बुच मारून बंद केलेले. बाहेर एकच तोटी, तीही कट्ट्यासमोर, जिथं दिवसभर माणसं बसलेली. बाई रिकामी बादली घेऊन येते, सगळ्यांसमोर भरते, आत जाते. पाळीत तिला दोनदा बाहेर यावं लागतं. दुसऱ्यांदा ती येत नाही, आहे तेवढ्यात भागवते.

आणखी एक गोम आहे. संडास आरोग्य विभागाकडे, पाणी पाणीपुरवठा विभागाकडे आणि दिवा विद्युत विभागाकडे. तोटी नेमकी कोणाची, यावर अर्ज महिनोन्‌महिने फिरतो. त्याबद्दल खाली तक्रारीच्या उत्तरात लिहिलं आहे.

आमचा संडास नव्याने बांधणार आहेत. आम्ही काय काय मागायचं?

बांधकाम सुरू व्हायच्या आधी मागा. फरशी बसली की कोणी पाईप फिरवत नाही.

प्रत्येक खोलीत आत नळ, गुडघ्याच्या उंचीवर, खाली बादली राहील एवढी जागा सोडून. आतून लागणारी आणि एका हाताने सरकणारी कडी. खांद्याच्या उंचीवर भिंतीत पक्की खुंटी, म्हणजे पिशवी आणि साडीचा पदर अडकवता येतो. ही खुंटी नकाशात कधीच नसते, आणि बायकांना विचारलं की पहिल्यांदा तीच सांगतात. कारण एका हातात बादली, एका हातात वापरलेला पॅड आणि दातात नवा पॅड धरून बदलणं कसं असतं, हे नकाशा काढणाऱ्याने केलेलं नसतं. पॅड ठेवायला वीतभर फळी. झाकणाचा डबा. दाराखाली फट नको. वर जाळी हवी, दिवा हवा. बायकांचं दार पुरुषांच्या दाराच्या पाठीमागे उघडावं, शेजारी नको.

आणि एक छोटी न्हाणी मागा, बायकांच्या बाजूला, आत. तिथं कापड धुता येतं, पाळीत आत बसवायचा कप धुता येतो, पाय धुता येतात. ज्या घरात मोरी नाही तिथल्या बाईला याशिवाय जागाच नाही.

स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी मापात वस्तीच्या संडासात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक सीट धरली आहे. म्हणजे बायकांच्या दहा सीट असतील तर अडीचशे बायका. प्रत्येकीने दिवसातून दोनदा जरी वापरला आणि खेपेला दहा लिटर धरलं तरी रोज पाच हजार लिटर पाणी लागतं. कंत्राटदार हजार लिटरची टाकी वर चढवत असेल तर हा हिशेब त्याच्यासमोर करा.

मी मंडईत बसते. दिवसभर जायची सोय नाही म्हणून पाणीच पीत नाही. चालतं का?

नाही चालत, ताई. कपिलतीर्थ असो की लक्ष्मीपुरी, सकाळी पाचला घर सोडून दुपारी तीनपर्यंत एक घोट चहावर बसणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. पाणी कमी पिलं की लघवी दाट होते, आणि दाबून ठेवली की मूत्राशयात जंतूंना वाढायला वेळ मिळतो. बायकांचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतू वर चढायला वेळ लागत नाही. लघवीला आग, थोडी थोडी वारंवार होणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला घाण वास किंवा रक्त ही लक्षणं. थंडी वाजून ताप आला किंवा कंबरेच्या वर पाठीत दुखायला लागलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, कारण मग ते मूत्रपिंडापर्यंत गेलेलं असू शकतं. गरोदर बाईने तर पहिल्या आगीलाच जावं.

धुताना हात पुढून मागे न्यायचा, मागून पुढे कधीच नाही. हे मुलींना लहानपणीच शिकवा.

आणि शेजारच्या गाळेवालीशी आळीपाळीने जायचं ठरवून घ्या, ती जाईल तेव्हा तुम्ही तिचा माल बघा आणि तुम्ही जाल तेव्हा तिने तुमचा बघावा. कितीतरी बायका संडास असूनही जात नाहीत, कारण भाजी सोडून जायची कोणाच्या भरवशावर.

कापड चांगलं, पॅड चांगला, की कप?

याचं उत्तर तुमच्या शरीरापेक्षा तुमच्या संडासावर जास्त अवलंबून आहे. जाहिराती हे सांगत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कापड वाईट नाही. आपल्या आज्या, आया सगळ्या कापडावरच होत्या. सुती, मऊ, जुन्या साडीचं कापड शोषूनही घेतं आणि खुपतही नाही. पण कापडाला दोन गोष्टी हव्यात, भरपूर पाणी आणि ऊन. त्या दोन्ही नसतील तर तेच कापड दमट राहतं, त्याला बुरशी धरते, मांड्यांना खाज आणि पुरळ येतं. धुताना आधी थंड पाण्यात भिजवा. गरम पाणी ओतलं की रक्ताचा डाग पक्का होतो. साबणाने चोळा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळा. नायलॉन, टेरिकॉटचं कापड वापरू नका.

पॅडला धुवायला पाणी लागत नाही म्हणून तो सोपा वाटतो. पण टाकायला जागा लागते, आणि दर महिन्याला पैसे लागतात. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' नावाचा पॅड एक रुपयाला एक मिळतो, हे बऱ्याच जणींना माहीत नाही. पॅडवरचा जीएसटी २०१८ च्या जुलैत काढला, तरी बाजारातली पाकिटं अनेकींना परवडत नाहीत. म्हणून एकच पॅड दिवसभर ठेवतात. तसं करू नका. रक्त कमी असलं तरी चार ते सहा तासांत बदलायचा. भरला नसला तरी घाम आणि ओल असतेच.

कपाबद्दल मुली खूप विचारतात. एका कपात साधारण २५ ते ३० मिलिलिटर मावतं आणि तो आठ तास, कंपनीने सांगितलं असेल तर बारा तासांपर्यंत ठेवता येतो. म्हणजे पहाटे एकदा आणि रात्री एकदा, मधे सामाईक संडासात जाऊन काहीच बदलायचं नाही. ज्यांना दिवसभर बाहेर राहावं लागतं, त्या कामवाल्या बायकांना आणि एसटीतल्या महिला वाहकांना याचा खरा उपयोग आहे. एक कप काही वर्षं टिकतो. मात्र घालताना-काढताना हात साबणाने धुतलेले हवेत, आणि पाळी सुरू होण्याआधी व संपल्यावर तो वेगळ्या भांड्यात पाच-दहा मिनिटं उकळायला हवा. एकाच खोलीत सासू-सासरे, दीर, मुलं असताना गॅसवर ते भांडं ठेवणं किती अवघड आहे हे मला ठाऊक आहे. एका मुलीने त्यासाठी झाकणाचा जुना चहाचा डबा ठेवलाय आणि घरात सगळ्यांना सांगितलंय की याला कोणी हात लावायचा नाही. तांबी बसवली असेल तर कप वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मी स्वतः काय सांगते? आत नळ नसेल आणि डबा असेल तर पॅड. घरात मोरी असेल आणि गच्ची असेल तर कापड. दिवसभर बाहेर असाल आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याची सोय असेल तर कप. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं वापरलं तरी काही बिघडत नाही.

कापड वाळवायचं कुठं? सगळ्यांच्या नजरा असतात.

उन्हातच. साडीखाली झाकून, पलंगाखाली, पत्र्याच्या कपारीत वाळवलेलं कापड वाळत नाही, नुसतं सुकल्यासारखं दिसतं. वर पातळ ओढणी टाकलीत तरी चालेल, पण ऊन आणि वारा लागू द्या. कोल्हापूरच्या पावसात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवा, किंवा ते चार महिने पॅड वापरा.

वापरलेला पॅड भांड्यात टाकला तर काय होतं?

पॅडच्या आत एक पावडर असते, ओल लागली की तिची जेली होते आणि ती फुगते. भांड्यातून तो पुढे सरकला तरी पाईपच्या वाकात अडकून फुगून बसतो. मग संडास तुंबतो, आणि तुंबलेला संडास म्हणजे पुढचे कित्येक दिवस सगळ्या वस्तीचे हाल.

पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तो पॅड कोणीतरी काढतं. सळई घालून निघाला नाही तर हाताने काढायला लावतात. हाताने मैला साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे, तरी तुंबलेल्या भांड्यापाशी तो कायदा कोणाच्या लक्षात राहत नाही. सफाई करणारी ताईही आपल्यासारखीच पाळी येणारी बाई आहे. तिच्याशी एकदा बोलून बघा. मी बोलले तेव्हा तिने एवढंच मागितलं, "कागदात गुंडाळा आणि वर लाल खूण करा, म्हणजे मी उघडून बघणार नाही."

घनकचरा नियमांतही हेच आहे. पॅड आणि डायपर कंपनीच्या पाकिटात किंवा कागदात नीट गुंडाळून द्यायचे, ओल्या कचऱ्यात मिसळायचे नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारू नका, वर्तमानपत्र पुरतं. घंटागाडीत टाकताना ते पुडकं वेगळं हातात द्या.

डबा ठेवला तर वास येतो, म्हणून काढून टाकला. आता?

डबा रोज रिकामा होत नव्हता म्हणून वास आला. हिशेब करा. अडीचशे बायकांपैकी पाळीच्या वयातल्या दीडशे धरा. महिन्यातले पाच दिवस पाळी, म्हणजे कोणत्याही दिवशी त्यातल्या पंचवीसेक जणी पाळीत असतात. गरोदर, बाळंतीण वगळून वीस धरल्या आणि प्रत्येकीचे तीन पॅड धरले तरी रोज साठ. साठ पॅड एका छोट्या डब्यात दोन दिवस राहिले की काय होणार? मोठा, पायाने उघडणारा, झाकणाचा डबा आणि रोज उचल. उचल कोण करणार हे कंत्राटात लिहून घ्या, नाहीतर तो डबा कोणाचाच नसतो.

पॅड जाळायचं मशीन बसवून देतो म्हणतात. घ्यावं का?

मी घाई करू नका म्हणेन. पॅडमध्ये प्लास्टिक असतं. ते पूर्ण जळायला ८०० अंश सेल्सिअसहून जास्त उष्णता लागते. भिंतीला टांगलेल्या छोट्या मशीनमध्ये एवढी उष्णता होत नसेल तर पॅड अर्धवट धुमसतो आणि त्यातून विषारी वायू निघतात, ते बंद खोलीत आपल्याच छातीत जातात. देणाऱ्याला तीन प्रश्न विचारा : किती अंशांना जळतं, धूर बाहेर कुठं सोडणार, वीजबिल आणि दुरुस्ती कोणाकडे? बऱ्याच ठिकाणी उद्घाटनाची फीत कापलेली मशीनं प्लग काढून उभी आहेत. मशीनच्या पैशात आतला नळ होत असेल तर आधी नळ घ्या.

आणि घराच्या मागे, चुलीत, पत्र्यावर पॅड जाळू नका.

पाळीत सामाईक नळाला हात लावू देत नाहीत. काय करू?

हे अजून होतं. पेठांमध्येही होतं, वस्त्यांमध्येही. "कावळा शिवला", "बाहेरची झाली" म्हणून बाईने हौदातून पाणी काढायचं नाही, कोणीतरी वरून ओतेल तेवढंच घ्यायचं. म्हणजे जिला त्या दिवसांत सगळ्यात जास्त पाणी लागतं तिलाच ते मागून घ्यावं लागतं. पाळीचं रक्त शरीरात घाण साठून येत नाही. गर्भाशयाच्या आतलं अस्तर, जे मूल राहिलं असतं तर त्याला पोसलं असतं, ते सुटून बाहेर येतं. त्याने पाणी बाटत नाही.

सासूबाईंशी वाद घालून लगेच बदल होईल असं मी म्हणत नाही. पण हौदाला खाली तोटी बसवली की हौदात भांडं बुडवायचा प्रश्न निघतो, आणि अर्धी भांडणं तिथं संपतात. एका वाड्यात असंच झालं. श्रद्धा ज्याची त्याच्याकडे राहिली, आणि सुनेला पाणी मिळालं.

संडासाला दर वेळी पैसे घेतात. पाळीत चार वेळा जायचं तर परवडत नाही.

वस्तीचा संडास आणि रस्त्यावरचा पैसे देऊन वापरायचा संडास यांची व्यवस्था वेगळी असते. वस्तीत घरटी महिन्याचा पास मागा. रस्त्यावरच्या ठिकाणी लघवीसाठी दर काय आहे तो फलकावर लिहिलेला असायला हवा, फलक नसेल तर त्या जागेचा फोटो काढा. बायकांना "आत काय केलं" असं विचारून जास्त पैसे घेणं हा अपमान आहे. असं कोणी विचारलं तर एकटीने भांडू नका, दोघी-तिघींनी मिळून लेखी तक्रार द्या.

नवरात्रात दर्शनाला येणाऱ्या बायकांचं काय?

अंबाबाईच्या दर्शनाला नवरात्रात दूरदूरच्या गावांहून बायका येतात, रांगेत तासन्‌तास उभ्या राहतात. ऐन वेळी पाळी आलेली बाई रांग सोडून जाते ती बहुतेक परत येत नाही. बंदोबस्ताच्या महिला पोलिसांची, फुलं-ओटी विकणाऱ्या बायकांचीही तीच गत. फिरती स्वच्छतागृहं आणली जातात, पण त्यांची टाकी दुपारपर्यंत कोरडी पडली की ती असून नसल्यासारखी. दर दोन तासांनी टँकर फिरवायला हवा आणि प्रत्येक स्वच्छतागृहाजवळ एक सफाई कामगार बाई हवी, आळीपाळीने, पूर्ण पगारावर. मंडळांना सेवा करायची असेल तर प्रसादाच्या पाकिटांबरोबर ही सेवाही करा.

पुरात काय करायचं?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं. शहरात सगळीकडे पाणी आणि नळ मात्र कोरडे, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. तेव्हा मी एका शाळेतल्या निवारा केंद्रात होते. बिस्किटं भरपूर आली, साड्या आल्या, पॅडही आले. पण पॅडसोबत चड्ड्या कोणी पाठवल्या नव्हत्या, आणि अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी आलेल्या बायका पॅड लावणार कशाला?

म्हणून ३९ फुटांची बातमी आली की एक जाड प्लास्टिकची पिशवी भरून दाराजवळ ठेवा : घरातल्या प्रत्येक मुली-बाईसाठी दहा-बारा पॅड किंवा सहा कापडं, दोन चड्ड्या, साबण, जुनी वर्तमानपत्रं, बॅटरी, रिकामी बाटली. पुराचं पाणी अंग धुवायला वापरू नका, त्यात गटाराचं पाणी आणि उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं. टँकरचं पाणी आलं की झाकणाच्या एका पिंपात संडासासाठी वेगळं काढून ठेवायला सांगा, कारण नाहीतर ते सगळं स्वयंपाकाला जातं. पहिल्याच दिवशी शाळेतल्या एका संडासावर खडूने "फक्त बायका" लिहा आणि तिथं पिंप, डबा आणि दिवा ठेवा.

तक्रार कुठं करायची? आम्ही सांगून दमलो.

तोंडी सांगणं बंद करा. कोल्हापूर महापालिकेची चार विभागीय कार्यालयं आहेत : गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. तुमचा भाग कशात येतो बघा आणि तिथं लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिला नाही असंच धरा. एक प्रत आरोग्य विभागाला आणि एक जल अभियंत्यांना, म्हणजे "ते आमच्याकडे येत नाही" असं कोणालाच म्हणता येणार नाही.

अर्ज लांब लिहू नका. "गैरसोय होते" असंही लिहू नका, त्याने काही हलत नाही. असं लिहा : "आमच्या सार्वजनिक संडासात बायकांच्या सहा सीट आहेत. त्यातल्या चार खोल्यांत नळाला पाणी नाही. दोन दारांना आतून कडी नाही. दिवा अमुक तारखेपासून बंद आहे. रोज सुमारे दीडशे बायका वापरतात. चारही नळ, दोन कड्या व दिवा कधीपर्यंत दुरुस्त होतील ते लेखी कळवावे." खाली निदान वीस सह्या. मोजलेली गोष्ट नाकारता येत नाही. स्वच्छता ॲपवर फोटो टाका, 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार घालता येते.

तरी उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. विचारा : या संडासाच्या देखभालीचं कंत्राट कोणाकडे आहे, त्यात पाणी आणि रोजच्या सफाईबद्दल काय अट आहे, गेल्या वर्षी किती बिल दिलं. माझा अनुभव असा की कंत्राटाची प्रत मागितल्यावर तोट्या बसतात.

जोर लागला तर हेही सांगा : बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेली स्वच्छतागृहं रस्त्यांवर असावीत आणि त्यासाठी समिती नेमून नियोजन करावं, असे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये राज्यातल्या महापालिकांना दिले आहेत. ते पुण्यातून दाखल झालेल्या जनहित याचिकेवर.

यात पुरुषांनी काय करायचं?

कट्टा हलवायचा. संडासाच्या दारासमोर बसायचं नाही, एवढं तालमीच्या आणि मंडळाच्या पोरांनी ठरवलं तरी बायकांना दुपारीही जाता येईल. वर्गणीतून दोन दिवे, चार कड्या होतात. आणि घरात बादली भरून नेऊन ठेवायला लाजायचं कारण नाही.

बाळंतीण, म्हातारी, अपंग बाई?

बाळंतपणानंतर कित्येक आठवडे रक्त जातं, तेव्हा पाणी आणि पॅड दोन्ही नेहमीपेक्षा जास्त लागतात आणि उकिडवं बसणं अवघड जातं. पाळी गेलेल्या म्हाताऱ्या बाईला लघवी धरवत नाही. व्हीलचेअरवरच्या मुलीला तर पायरीच ओलांडता येत नाही. एक खोली उंच सीटची, धरायला दांडी आणि पायरीऐवजी उतार असलेली हवी. तिला कुलूप लावून चावी मुकादमाकडे ठेवत असतील तर ते चालू देऊ नका.

डॉक्टरकडे कधी जायचं?

दर तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, सात दिवसांहून जास्त रक्त जात असेल, मोठ्या गाठी पडत असतील, पाळी २१ दिवसांच्या आत परत येत असेल, पांढऱ्या पाण्याला वास किंवा रंग असेल, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल. सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, महापालिकेचे दवाखाने आहेत, आशाताईंना विचारा. दम लागणं, चक्कर येणं हे रक्त कमी झाल्याचं असू शकतं, तेव्हा हिमोग्लोबिन तपासून घ्या.

मुलीला पहिल्यांदा पाळी आली. संडास सामाईक आहे. तिला काय शिकवू?

पहिले दोन-तीन दिवस तिच्याबरोबर जा. बादली तुम्ही उचला. आत जायच्या आधी तिला दाखवा की कडी कशी लावायची, पिशवी कुठं अडकवायची, जुना पॅड आधी कागदात कसा गुंडाळायचा आणि मग नवा कसा लावायचा. तिला छोटी कापडी पिशवी शिवून द्या, आत दोन पॅड, एक जादा चड्डी, कागद आणि साबणाचा तुकडा. शाळेच्या दप्तरात ती कायम राहू दे. माझी आई बाहेर उभी राहून हळू आवाजात विचारायची, "पाणी पुरलं का गं?" पुरलं नसेल तर ती दाराच्या फटीतून दुसरा डबा आत सरकवायची.